धाकट्याच्या घड्याळाने, थोरल्याच्या खेळाने: वेगवेगळ्या वयाच्या मुलांना घेऊन लांबचा प्रवास

दीड वर्षाचं एक, पाच वर्षांचं एक आणि अकरा वर्षांचं एक अशी तीन मुलं शेजारी-शेजारी बसली की प्रत्येकाचा खेळ दुसऱ्याच्या आड येतो. धाकट्याचं खेळणं थोरल्याला पोरकट वाटतं, थोरल्याच्या खेळातली सोंगटी धाकट्याच्या तोंडात जाते आणि मधल्याला दोघांच्याही हातातलं हवं असतं. पिशवीत आणखी चार खेळणी कोंबून हे सुटत नाही. वेळापत्रक धाकट्याच्या सोयीने आखायचं आणि खेळाची सूत्रं थोरल्याच्या हाती द्यायची, हे मात्र हमखास उपयोगी पडतं. धाकट्याला भूक, झोप आणि लंगोट यांपुढे थांबता येत नाही. थोरल्याला थांबता येतं, पण आपल्याला लहान पोरांत मोजलंय असं वाटलं की तोही बिनसतो.

निघण्याआधी थोडा हिशेब

सहा तासांचा प्रवास म्हणजे सहा तासांची करमणूक असं नसतं. धाकट्याची दीड तासाची झोप, थांबे आणि खाणं मिळून एक तास, नुसतं बाहेर बघण्यात आणि गप्पांत जाणारा तासभर, एवढं वजा केलं की अडीच तास उरतात. तयारी या १५० मिनिटांची करायची. बसल्या जागी दोन वर्षांचं मूल एका वस्तूत पाचेक मिनिटं रमतं, पाच वर्षांचं दहा-पंधरा, आठ वर्षांचं वीस-पंचवीस आणि अकरा वर्षांचं अर्धा तास. हे ढोबळ आकडे आहेत. मूल दमलेलं असलं तर ते अर्ध्यावर येतात. दोन वर्षांच्या मुलासाठी १५० मिनिटांना तीस खेळणी न्यायची गरज नाही. सहा-सात वस्तू आळीपाळीने काढायच्या आणि लगेच नजरेआड करायच्या. तासाभराने तीच वस्तू पुन्हा नवी वाटते.

निघायची वेळ धाकट्याच्या रोजच्या झोपेच्या अर्धा तास आधीची ठेवा. नेमक्या झोपेच्या वेळी निघालात, तर सामान भरण्याच्या गडबडीत मूल अतिदमतं आणि मग झोपायलाच तयार होत नाही. बसण्याआधी सगळ्यांना वीस-तीस मिनिटं मनसोक्त पळू द्या. या एका गोष्टीने पहिला तास जितका सोपा जातो तितका कुठल्याही खेळण्याने जात नाही.

थांबे दर दोन तासांनी, निदान पंधरा मिनिटांचे. पाच वर्षांखालच्या मुलांना एका वेळी तासाभराहून जास्त काळ बांधून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. लांबच्या प्रवासात ते दर वेळी साधत नाही. म्हणून थांब्यावर उतरून पुन्हा खुर्चीवरच बसवू नका. एका मोठ्याने खाण्याचं बघावं, दुसऱ्याने मुलांना पळवावं: झाडाला शिवून ये, बेडूकउड्या मार, उलटं चाल. थोरल्याच्या हातात घड्याळ दिलं की शर्यत तोच घेतो.

पिशव्या

प्रत्येक मुलाची स्वतःची छोटी पिशवी असावी आणि ती त्यानेच भरावी. पाच-सहा वस्तूंची मर्यादा घाला. सातवी हवी असेल तर एक बाहेर काढायची. निघण्याआधी पिशवी एकदा तपासा, कारण मुलं हटकून पिपाण्या, चमकी, चिकट माती आणि शंभर तुकड्यांचे संच भरतात. गाडीत तुकडे पडले की सीटखाली जातात, आणि ते काढायला बेल्ट सोडायचा हट्ट सुरू होतो. चालत्या गाडीत मुलाचा बेल्ट कोणत्याही कारणाने सुटता कामा नये. पडलेली वस्तू पुढच्या थांब्यालाच मिळेल, हे आधी सांगून ठेवा आणि पाळा.

याशिवाय मोठ्यांकडे एक राखीव पिशवी, जी मुलांनी पाहिलेली नसावी. तिच्यात प्रत्येकासाठी तीन-चार गोष्टी. त्या नव्याच हव्यात असं नाही. पंधरा दिवस आधी घरातून गायब केलेलं जुनं खेळणंही चालतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी या वस्तू साध्या कागदात गुंडाळा. उघडण्यातच चार-पाच मिनिटं जातात आणि उरलेला कागद फाडायला, चुरगाळायला, घडी घालायला मिळतो. विमानाने जाणार असाल तर चिकटपट्टी लावू नका, नुसती घडी घाला. तपासणीत पुडी उघडावी लागू शकते. मूल कंटाळण्याच्या जरा आधी राखीव वस्तू बाहेर यावी. भोकाड पसरल्यावर दिली, तर रडलं की नवं मिळतं हे ते एकाच प्रवासात शिकतं.

उपयोगी पडणारी एक जोड म्हणजे काठ असलेला पत्र्याचा ट्रे. तो मांडीवर टेबलासारखा राहतो, रंगकांड्या काठाला अडतात आणि लोहचुंबकाची मोठी चित्रं त्यावर चिकटतात. घेताना चुंबक लावून बघा, कारण ॲल्युमिनियमच्या ट्रेला ती चिकटत नाहीत. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर छोटे, जोरकस चुंबक प्रवासात नेऊच नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या घड्या चिमटून ओढतात आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. बटण सेल असलेल्या खेळण्यांनाही हाच नियम. इतर वस्तूंसाठी सोपी चाचणी अशी: टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. मग ती थोरल्याची का असेना.

मेणाचे खडू उन्हात उभ्या गाडीत वितळतात आणि सीटवर कायमचे बसतात. लाकडी रंगकांड्या बऱ्या, त्यातही तिकोनी, कारण त्या घरंगळत नाहीत. टोकदार कांड्या आणि काडीचे गोड पदार्थ मात्र गाडी थांबलेली असतानाच. अचानक ब्रेक लागला तर ते टोक तोंडात किंवा डोळ्यात जातं. जड पुस्तकं आणि कडक खेळणी मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवू नका. धडक बसली तर ती दगडासारखी पुढे येतात.

बाळ, आणि दुडदुडणारं मूल

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला खेळण्यांपेक्षा चेहरा आणि आवाज हवा असतो. त्याची सीट मागे तोंड करून असते, त्यामुळे त्याला समोर फक्त सीटची पाठ दिसते. शेजारी मोठं भावंड बसवलं की अर्धं काम झालं. कापडी पुस्तक, चावायची रिंग, खुळखुळा पुरे. पुढे सात-आठ महिन्यांचं झालं की बाळ वस्तू मुद्दाम खाली टाकतं. ती खोडी नसून प्रयोग असतो. खेळणं फितीने सीटला बांधायचं असेल तर फीत वीतभरापेक्षा लांब नको, नाहीतर गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते.

एक ते तीन वर्षं हा सगळ्यांत कठीण टप्पा. अंगात ताकद आली आहे, चालता येतंय आणि नेमकं बसवून ठेवलंय. या वयाला गोष्टीपेक्षा हाताचं काम लागतं: उघडायचं, बंद करायचं, आत टाकायचं, बाहेर काढायचं. झाकणाचा डबा आणि त्याच्या झाकणाला पाडलेली फट, त्यातून टाकायला पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या. चेन, बटण आणि नाडी शिवलेला कापडाचा तुकडा. पाण्याने रंग उमटणारं पुस्तक, ज्याला रंग लागतच नाहीत आणि वाळलं की ते पुन्हा कोरं होतं. त्याच्या पेनात पाणी अर्धंच भरा. पूर्ण भरलं तर टोकातून गळत राहतं.

आणि कागदी मास्किंग टेपचं एक रिळ. स्वस्त, हलकं, डाग न पाडणारं. बोटभर लांबीच्या पट्ट्या फाडायच्या, प्रत्येकीचं एक टोक नखाएवढं दुमडायचं आणि त्या ट्रेवर, पुढच्या सीटच्या पाठीवर, स्वतःच्या मनगटावर चिकटवायच्या. दीड-दोन वर्षांचं मूल आधी अख्ख्या पंजाने खरवडतं. जमत नाही. मग अंगठा आणि तर्जनी जवळ येतात, दुमडलेलं टोक सापडतं, पट्टी चर्रकन निघते आणि बोटाला चिकटून बसते. ती बोटावरून काढायला दुसरा हात पुढे येतो, तर आता त्या हाताला चिकटते. चेहऱ्यावर गंभीर एकाग्रता असते आणि या वेळी मोठ्यांनी मध्ये पडून मदत करू नये. टोक दुमडलं नसेल तर पट्टी निघत नाही, मूल चिडतं आणि खेळ तिथेच संपतो. पट्ट्या फार छोट्या करू नका, त्या तोंडात जातात. किती लावल्या ते मोजून ठेवा आणि तेवढ्याच गोळा करा. मधल्या मुलाला पट्ट्या चिकटवण्याचं काम दिलं तर दोघंही गुंततात.

मधलं मूल

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते पण वेळ कळत नाही. “आलं का? अजून किती राहिलं?” ही भुणभुण इथूनच सुरू होते. “अजून दोन तास” या उत्तराला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. कागदाची लांब पट्टी घ्या, तिच्यावर दहा चौकोन आखा, एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला जिथे जायचं ते चित्र. मध्ये थांबे, जेवण, झोप यांच्या खुणा. कपड्याला लावायचा चिमटा पहिल्या चौकोनावर लावा आणि पाच तासांच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने एक घर पुढे सरकवा. चिमटा मुलाने सरकवायचा, पण कधी ते मोठ्याने सांगायचं. घर वेळेप्रमाणे मोजा, अंतराप्रमाणे नको. रस्ता तुंबला आणि चिमटा तासभर हललाच नाही तर पट्टीवरचा विश्वास उडतो.

स्टिकर या वयाला आवडतात. पुन्हा काढता येणारे घ्या आणि पानाभोवतीची रिकामी चौकट आधीच फाडून टाका, म्हणजे लहान बोटांना स्टिकर सुटा करता येतो. मऊ आवरणाच्या तारांपासून चष्मे, अंगठ्या, प्राणी होतात. पण कापलेली टोकं टोचतात, ती आत वळवून ठेवा.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला नियम आणि गुण हवे असतात. फुली-गोळा, ठिपके जोडून चौकोन, “नाव, गाव, प्राणी, वस्तू”. यासाठी स्पायरलची पुठ्ठ्याची वही न्या, कारण सुटे कागद मांडीवर टिकत नाहीत.

थोरलं मूल

दहाच्या पुढच्या मुलाला खरं काम द्या, लुटुपुटीचं नको. नकाशा बघून पुढचा थांबा सांगणं, खर्चाची नोंद ठेवणं, खेळातला पंच होणं. त्याला सगळ्यांत रमवणारं काम म्हणजे वेग काढणं. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतील तर एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. ६० सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, ४५ लागले तर ८०, ७२ लागले तर ५०. आलेला आकडा गाडीच्या काट्याशी ताडून बघितला की फरक का पडला यावर पुढची वीस मिनिटं चर्चा चालते. पाच वर्षांचं मूल यात दगड दिसला की “आला!” ओरडायचं काम करतं. त्यावरच घड्याळ थांबतं, म्हणून त्याचं ओरडणंही महत्त्वाचं ठरतं.

एक गोष्ट मात्र जपा. थोरल्याला पूर्णवेळ सांभाळणारं माणूस करू नका. वीस मिनिटं धाकट्यांसोबत, मग चाळीस मिनिटं त्याची स्वतःची, हेडफोन लावून, कुणीही हाक न मारता. ही बोली आधी ठरवा. अशी हमी मिळालेलं मूल त्या वीस मिनिटांत मनापासून खेळतं. तेरा-चौदाच्या पुढे गेलेल्यांना पहाटे निघाल्यावर झोपू द्या, त्यांना मुद्दाम रमवायला जाऊ नका. प्रवासातला एखादा थांबा निवडण्याचा आणि गाणी लावण्याचा हक्क त्यांना असला तर पुरे.

सगळ्यांना एकत्र घेणारे खेळ

वयाचं अंतर मोठं असलं की जिंकण्या-हरण्याचे खेळ मोडतात. धाकटा रडतो किंवा थोरला मुद्दाम हरून कंटाळतो. उपाय दोन: जोड्या मिसळायच्या, म्हणजे थोरला आणि धाकटा एका बाजूला, मधला आणि एक मोठं माणूस दुसऱ्या बाजूला. नाहीतर सगळ्यांनी मिळून एकच लक्ष्य गाठायचं, जसं पुढच्या थांब्यापर्यंत मिळून ५० प्राणी दिसले पाहिजेत.

शब्दांच्या भेंड्यांत, म्हणजे शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगण्याच्या खेळात, मराठीत एक हमखास अडचण येते. “दगड”, “डबा”, “बाळ” आणि गाडी थांबली, कारण “ळ” ने शब्द सुरू होत नाही. “ण” चंही तेच. “ळ” आला तर “ल” आणि “ण” आला तर “न” हे आधीच ठरवा, नाहीतर पहिलं भांडण यावरूनच होतं. पाच वर्षांच्या मुलाला आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्या अक्षरावरून सुरू होणारा कुठलाही शब्द चालेल अशी सूट द्या.

वीस प्रश्नांचा खेळ, ज्याची उत्तरं फक्त हो किंवा नाही, सहा वर्षांपासून पुढे सगळ्यांना जमतो. लहान मुलं थेट “हत्ती आहे का?” विचारतात आणि प्रश्न संपवतात. प्रत्येक प्रश्नाने निम्मे पर्याय बाद व्हावेत, ही युक्ती थोरल्याला समजावून द्या: आधी “जिवंत आहे का?”, मग “घरात असतं का?”. दर प्रश्नाला निम्मे उडाले तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून एक शोधता येते. हाच विचार १ ते १०० मधला आकडा ओळखताना वापरला, “याहून मोठा की लहान” असं उत्तर मिळत गेलं, तर सात प्रयत्नांत आकडा सापडलाच पाहिजे.

दोघांचाच खेळ हवा असेल तर: १ पासून मोजायचं, प्रत्येकाने आपल्या पाळीला ओळीने एक, दोन किंवा तीन आकडे म्हणायचे, जो २० म्हणेल तो जिंकला. गुपित असं की ४, ८, १२, १६ वर आपण थांबलो तर २० आपलंच. म्हणून समोरच्याला सुरुवात करू द्यावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगू नका, शोधू द्या. साधारण सात-आठ डावांत त्याला १६ चं महत्त्व कळतं, मग १२ चं.

ऐकायच्या गोष्टी निवडताना मधल्या मुलाचं वय धरा. दहा ते वीस मिनिटांची एक गोष्ट आणि ऐन रंगात आली की थांबा, पुढचं पुढच्या टप्प्यावर.

पडदा

टॅबलेट न्यायला हरकत नाही, पण तो पहिल्या तासात काढू नका. एकदा पडदा पाहिला की त्यानंतर ट्रे, स्टिकर, टेप सगळं फिकं पडतं. प्रवासाच्या शेवटच्या तिसऱ्या भागासाठी तो राखा, तेव्हा मोठ्यांचाही दम संपलेला असतो. दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते चार वर्षांना दिवसभरात तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर सांगितलेल्या त्याच सूचनांत आहे. धाकटं झोपलेलं असताना थोरल्यांना लावून दिलं की हा पेच बराचसा सुटतो. बंद करायची वेळ मिनिटांत सांगू नका. “हा भाग संपला की बंद” हे मुलाला दिसतं, त्यामुळे पटतं.

चित्रफिती आधी उतरवून घ्या आणि घरीच विमान मोड लावून प्रत्येक फीत सुरू करून बघा. उतरवलेल्या दिसतात पण इंटरनेटशिवाय उघडत नाहीत, हे वाटेत कळणं फार वाईट. दोघांत एक पडदा असेल तर हेडफोनची दुहेरी पिन न्या. आवाजाची मर्यादा घातलेले मुलांचे हेडफोन घ्या. शेजारच्याला ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

मळमळ

वळणाच्या रस्त्यावर डोळे पुस्तकात असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हालचाल सांगत असतो. या दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हे सगळ्यांत जास्त दिसतं, दोन वर्षांखाली क्वचितच. वळणं सुरू होण्याआधी पुस्तकं आणि पडदे बंद करा, तोंडी खेळ सुरू करा, नजर समोर लांबवर. बडबडणारं मूल एकाएकी गप्प झालं, जांभया देऊ लागलं, तोंडाला पाणी सुटलं, चेहरा उतरला, तर पुढच्या काही मिनिटांत गाडी थांबवा. झिपच्या दोन पिशव्या, ओले रुमाल आणि एक जोड कपडे हाताशी हवेत, डिकीत नव्हेत. औषध द्यायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

खाणं थोडं आणि कोरडं. ते करमणूक म्हणून वापरायचं तर कप्प्यांच्या डब्यात सहा प्रकार थोडे-थोडे ठेवा. चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत द्राक्षं, दाणे, लाह्या, कडक गोळ्या देऊ नका. घशात अडकलं तर मागे वळून बघेपर्यंत उशीर होतो.

विमानात

आधी चढायची मुभा असली तरी सगळ्यांनी चढू नका. एकाने थोरल्याला आणि सामानाला घेऊन आत जावं, दुसऱ्याने धाकट्याला शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर चालवावं. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हा कान दडे बसून दुखतात. झोपलेल्या मुलाला त्या वेळी जागं करा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. बाळाला पाजा, मधल्याला नळीने पाणी पिऊ द्या, थोरल्याला चघळायला द्या. विमान टेकल्यावर पाजलं तर उपयोग नाही, ते खाली येतानाच हवं.

भांडण झालंच तर

कोण चूक याचा निवाडा चालत्या गाडीत करू नका. आधी वस्तू बदला, मग जागा, आणि पाळी मोजायला तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा. मोठ्यांच्या शब्दापेक्षा मुलं वाळूचं जास्त ऐकतात. तासाभरात तिसऱ्यांदा भांडण झालं तर खेळ संपलेला असतो. उतरून पळायची वेळ झालेली असते, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

आणि राखीव पिशवीतली प्रत्येकाची एक पुडी जाताना अजिबात उघडू नका. परतीच्या प्रवासात मुलं जास्त दमलेली असतात, वाट ओळखीची झालेली असते आणि पुढे कुठे जायचंय याची ओढ संपलेली असते. ती पुडी तेव्हा लागते.